सार म्हणजे काही औषध नव्हे

शुंदे गावच्या मासळीबाजारात फोक वाय-हानच्या गाळ्यावर मासा घ्यायचा, तर पिशवीबरोबर थोडी सहनशक्तीही घरून आणावी लागे. एखादं गिऱ्हाईक माशाचे कल्ले पुन्हा पुन्हा उघडून बघायला लागलं की ती सुरी थांबवून विचारायची, "काय हो, मासा बघताय की जावई? जावई इतका पारखून घेतला असतात, तर आज बाजाराला त्याला पाठवलं असतंत." गिऱ्हाईक हसायचं, शेजारचे गाळेवाले हसायचे, आणि मासा विकला जायचा. जिभेला हाड नाही आणि सुरीला चूक नाही, अशी तिची ख्याती. तिच्या हातचे कच्च्या माशाचे काप इतके पातळ, की खालच्या बशीवरची निळी नक्षी आरपार दिसे.

अशी ही बाई जगात एकाच माणसापुढे मुकी व्हायची. ते माणूस म्हणजे तिची मोठी नणंद, साम लाय-जू.

लाय-जू सासूच्या जागी होती, आणि सासूच्या वरताण होती. आई वारली तेव्हा वाय-हानचा नवरा गाम-शिंग अजून रांगत होता. लाय-जूने रेशमाच्या गिरणीत कोष उकळून त्याला वाढवलं, आणि त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आता ती कालव्यापलीकडच्या गल्लीत एकटी राहायची आणि सार उकळायची. आमच्याकडे सार सगळेच उकळतात. हाडं, मुळ्या, लाल खारका, सुकवलेली फळं मातीच्या भांड्यात घालायची आणि दुपारभर मंद आचेवर ठेवून द्यायची, त्यात विशेष काही नाही. पण लाय-जूचं सार म्हणजे हुकूम. ती डबा घेऊन यायची, वाटी भरायची आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत समोर उभी राहायची. वडीलधाऱ्या माणसाने स्वतः उकळून आणलेलं सार नाकारायचं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारल्यासारखंच. बाजाराच्या इन्स्पेक्टरला भर चौकात चार शब्द सुनावणारी वाय-हान नणंदेपुढे मुकाट घोट घ्यायची आणि म्हणायची, "छान झालंय, ताई."

मग वाय-हानच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ती कर्करोगाची ठरली, आणि सगळ्या नातेवाइकांच्या अंगात एकाच वेळी वैद्य संचारला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर क्वान दिसायला पोरसवदा, पण माणूस हुशार. त्याने नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "गाठ काढलीय. पण तिचं बी अंगात कुठे पडलं असेल, तर ते मारायला केमोच पाहिजे. ठरल्या वेळी आणि ठरल्या प्रमाणात. त्यात खंड पडला तर मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. बाकी नेहमीसारखं सगळं खा." गाम-शिंगने मान डोलावली. डॉक्टरचं हे 'सगळं खा' हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत जेमतेम टिकलं.

घरी चुलतसासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. "हंस बंद," त्यांनी जाहीर केलं. "कोंबडी बंद, खेकडा बंद. जखम चिघळते आणि गाठ परत उठते." एक जाऊ म्हणाली, बिनखवल्यांचा मासा म्हणजे विष. दुसरी म्हणाली, खवल्यांचाही काही धड नाही.

"म्हणजे मी दिवसभर मासे विकायचे आणि वासावर जेवायचं?" वाय-हानने विचारलं.

"जीव मोठा की जीभ?" चुलतसासूबाई म्हणाल्या. बाईंना स्वतःला मधुमेह, आणि हे बोलता बोलता त्यांनी समोरच्या ताटलीतली तिळाची मिठाई साफ केली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मागून खोकी आली. भूछत्राची भुकटी, साखर घातलेलं, खायचं पक्ष्याचं घरटं, बेडकाची चरबी, असं सगळं लाल मखमलीत निजवलेलं. ही खोकी आमच्याकडे कोणी उघडत नाही. ती पुढच्या आजाऱ्याकडे जातात. भुकटीच्या एका खोक्याचा कोपरा चेपलेला होता. वाय-हानने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. नव्या वर्षाला हेच खोकं तिने मामेसासऱ्यांना दिलं होतं. गावभर फिरून, चार आजाऱ्यांच्या उशाशी बसून, आता ते माहेरी आलं होतं. गाम-शिंगच्या एका मित्राने तर वाळवलेले विंचू आणले. विषाने विष मरतं म्हणे.

"मग विंचवांना कशाला त्रास दिलास?" वाय-हान म्हणाली. "तुझ्या बायकोला पाठवायचंस. ती चार वाक्यांत काम करते."

सोयाबीनच्या दुधाचं तर विचारूच नका. एकीने मोबाइलवर पाठवलं की ते बाईच्या छातीचं साक्षात अमृत, दुसरीने पाठवलं की त्याच्या एका पेल्यात थडगं. दोघींनीही खाली लिहिलं होतं, 'प्रेमाने पाठवत आहे.' वाय-हान या सगळ्यांना पुरून उरली. खोकी कपाटावर गेली, विंचू कचऱ्यात गेले, आणि एके दुपारी गाळ्यामागे बसून तिने हंसाची तंगडी चवीने खाल्ली. राहिली एकटी लाय-जू. तिला पुरून उरणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

लाय-जू आता रोज येऊ लागली. पहिल्या केमोनंतर वाय-हानचे केस गेले. बाजारात ती डोक्याला फडकं बांधून बसायची आणि कोणी बघितलं की म्हणायची, "काय बघताय? खवली साफ केलीत, आता तोलायचं बाकी आहे." पण लाय-जूपुढे तिने फडकं सोडलं, तेव्हा लाय-जू कितीतरी वेळ त्या डोक्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून सार काळपट झालं आणि चवीला मातकट लागू लागलं.

"काय घातलंय, ताई?"

"तुला काय करायचंय? पी."

वाटी संपली की लाय-जू तिचा चेहरा निरखायची. "बरं वाटतं ना? कालच्यापेक्षा?" इतक्या आशेने विचारायची की नाही म्हणायची सोय नसे. पोटात ढवळत असतानाही वाय-हान म्हणायची, "हो ताई, जरा बरं वाटतंय." लाय-जूच्या तोंडावर असं समाधान पसरायचं, जणू तिचाच ताप उतरला. जाताना ती भावाला बजावून जायची, "त्या डॉक्टरला काय कळतंय? कालचं पोरगं. तो मारतोय आणि मी सावरतेय."

पुढच्या केमोला दोघं गेली, तर रक्त तपासून डॉक्टर क्वानच्या कपाळाला आठ्या पडल्या. यकृताचे आकडे भलतेच चढले होते. "अशा यकृतावर केमो देता येत नाही," तो म्हणाला. "थांबावं लागेल." मग त्याने नेमाने विचारायचा तो प्रश्न विचारला, "घरी काही झाडपाल्याचं औषध घेता का? काढे, भुकट्या?"

"छे हो!" वाय-हान म्हणाली. "सगळी खोकी कपाटावर आहेत, येऊन बघा. जिभेला लावलं नाही मी काही."

गाम-शिंगनेही छातीवर हात ठेवून ग्वाही दिली. आणि दोघं खोटं बोलत नव्हती, हे कृपा करून लक्षात घ्या. औषध कडू असतं, वैद्य देतो, नाक दाबून प्यायचं असतं. सार नणंद देते आणि 'छान झालंय' म्हणून प्यायचं असतं. आता दोन्ही भांड्यांत मुळ्या त्याच असल्या, म्हणून काय झालं? सार म्हणजे काही औषध नव्हे. आमच्या अख्ख्या शुंदेत कुणालाही विचारा, हेच सांगेल.

केमो पुढे ढकलली. आकडे उतरेनात. पुन्हा ढकलली. घरी लाय-जूला कळलं की यकृत बिघडलंय, तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "बघ, म्हटलं नव्हतं मी? त्यांच्या विषानेच झालंय हे." आणि उपाय म्हणून वाटी मोठी केली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! शेवटी डॉक्टर क्वान म्हणाला, "हे असंच राहिलं, तर यातलं मुख्य औषध मला थांबवावं लागेल. तेच तुमच्या कामाचं आहे, पण इलाज नाही."

त्या दिवशी वाय-हान गाळ्यावर परत आली आणि माशाला हात न लावता बसून राहिली. तिला भीती वाटत होती. साधी, पोटातून उठणारी मरणाची भीती. एका बाईने विचारलं, "हा ताजा आहे का?" तर वाय-हान नुसतं "हो" म्हणाली. अख्खा बाजार त्या एका शब्दाने हबकला.

उलट्या थांबत नव्हत्या, म्हणून डॉक्टर क्वानने तिला त्याच हॉस्पिटलातल्या देशी वैद्यकीच्या विभागात पाठवलं. तिथे डॉक्टर मुई नावाची पिकल्या केसांची बाई बसायची. गाम-शिंगला हुरूप आला. आता काहीतरी खरंखुरं, आपलं, दणदणीत औषध मिळणार! मुईबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग अगदी सहज, शेजारणीने विचारावं तसं विचारलं, "सार कोण करतं घरी?"

"नणंद करते," वाय-हान म्हणाली.

"नशीबवान आहात. काय काय घालते?"

आपल्या घरच्या साराबद्दल विचारलं की आमचा माणूस फुलतोच. वाय-हानने चवीवरून ओळखलं तेवढं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि केस गेल्यापासून काळं काहीतरी घालते. मातकट लागतं."

"केस काळे करायची मुळी. हो-शाउ-वू." मुईबाईंनी चष्मा काढला. "रोज?"

"रोज. मोठी वाटी."

"अहो बाई, त्या मुळीने धडधाकट माणसाचं यकृत सुजतं! आणि तुम्ही ती केमोवर पिताय?"

"पण ते सार आहे," गाम-शिंग काकुळतीला येऊन म्हणाला. "औषध नाही."

"यांच्या यकृताला हा फरक कोणी समजावून सांगितलेला दिसत नाही," मुईबाई म्हणाल्या. "आजपासून बंद. मुळी, भुकटी, काढा, सगळं बंद. आकडे उतरेपर्यंत मीसुद्धा काही देणार नाही. भात खा, मासा खा, जरा फिरा. नंतर उलटीवर हलकंसं काही देईन, तेही डॉक्टर क्वानला विचारून." गाम-शिंगचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या मोठ्या वैद्यीणबाई, आणि दिलं काय, तर भात!

आता प्रश्न उरला मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा.

"तुझी बहीण आहे. तू सांग," परतताना मासळीच्या व्हॅनमध्ये वाय-हान म्हणाली.

"मी?" गाम-शिंगने ब्रेकच दाबला. "तिने मला वाढवलंय. असं करू, सार घेऊ आणि मोरीत ओतू."

"ती समोर उभी असते. तिच्या पायावर ओतू?"

"मग तूच सांग. तुझी जीभ चालते."

"चालते म्हणून काय कुणावरही चालवू?" वाय-हान म्हणाली.

दुपारी लाय-जू आली. डबा उघडला, वाटी भरली. गाम-शिंगला नेमकं तेव्हाच व्हॅनचं चाक तपासायचं आठवलं. वाय-हानने वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"ताई, मी हे पिणार नाही."

लाय-जूला वाटलं, गरम असेल. "फुंकून पी."

"आज नाही, उद्या नाही. यातल्या काळ्या मुळीने माझं यकृत सुजलंय. केमो अडलीय ती त्यामुळे. ताई, मला जगायचंय हो."

लाय-जू आधी पांढरी पडली, मग लाल. "माझ्या साराने? मी विष घालतेय तुला? गुडघे मोडेपर्यंत चुलीपुढे बसते ती विष शिजवायला?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेयस! विष असतं तर मी कधीच मेले असते. दोन वर्षं पितेय मी ही मुळी, आणि आता दोघींचं एकाच भांड्यातलं! अर्धं तुला आणि अर्धं..."

आणि ती थांबली.

वाय-हानचा आजार अजून वर्षाचाही नव्हता. "दोन वर्षं कशासाठी पिताय, ताई?" तिने विचारलं.

लाय-जूने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग जी बाई जन्मात कुणापुढे खाली बसली नव्हती ती धप्पकन स्टुलावर बसली आणि गळ्याची बटणं सोडू लागली. वाय-हानने उजव्या बाजूला हात लावला. असल्या गाठीची ओळख तिच्या बोटांना होतीच, पण ही तिच्या गाठीची थोरली बहीण निघाली. दगडासारखी घट्ट, आणि वरची कातडी आत ओढलेली.

"का नाही बोललात?"

"कुणाला बोलू? गामला? बहिणीने भावाला हे सांगायचं?" लाय-जू खाली बघत म्हणाली. "आणि लग्न न झालेली म्हातारी मी. त्या डॉक्टर पोरासमोर उघडी बसू? मग तुला झालं. म्हटलं, आधी तुझं बघू. दोघी एकच सार पितोय. तुला लागू पडलं, तर मलाही पडेल."

म्हणजे रोज वाटी संपल्यावर ती चेहरा निरखायची ती यासाठी. आणि वाय-हान रोज म्हणत होती, हो ताई, जरा बरं वाटतंय. एका भल्या मनाच्या थापेवर ही बाई आपला जीव टांगून बसली होती.

वाय-हानला रडू कोसळलं, आणि रडता रडता ती नणंदेवर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "अक्कल गहाण ठेवली होती का? दुसऱ्याच्या ताटातलं शीत न् शीत तपासता आणि स्वतःच्या छातीवर दगड घेऊन हिंडता? उठा! बटणं लावा! गाम! ते चाक राहू दे, गाडी काढ!" लाय-जू निमूट उठली. माशाच्या वासाच्या व्हॅनमध्ये दोघी शेजारी येऊन बसल्या आणि वाय-हानने सांगितलं, तेव्हा गाम-शिंगला काय झालंय ते कळलं, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत गाडी चालवू लागला.

वाय-हानचे आकडे उतरले. केमो पुन्हा सुरू झाली आणि मुख्य औषधासकट पुरी झाली. डोक्यावर मेंढीसारखे कुरळे केस उगवले. ती गाळ्यावर परत बसली, तेव्हा गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी इतकं ऐकून घ्यावं लागलं की त्यांना हायसं वाटलं.

लाय-जूची गाठ मात्र हाडांत उतरली होती. डॉक्टर क्वानने लपवलं नाही. मुळातून निघणार नाही, पण काही काळ रोखून धरता येईल, म्हणाला. त्याच्या गोळ्यांनी तो काळ बरा गेला. लाय-जू भावजयीच्या हाताला धरून सकाळच्या चहाला जायची, वाफवलेल्या कोळंबीच्या करंज्या मागवायची आणि त्यांना नावं ठेवत सगळ्या खायची. "आधी आले असते तर गं, हान?" तिने एकदा विचारलं. वाय-हानला खोटं बोलता आलं असतं, पण तिने ते पुन्हा केलं नाही. "तर वाचला असतात, ताई," ती म्हणाली. लाय-जूने मान हलवली आणि चहा ओतला. पुढच्या थंडीत ती गेली.

मयताच्या जेवणाला आमच्याकडे सात पदार्थ असतात आणि बोलायला तोंडं सत्तर. दुसरा पदार्थ येईपर्यंत नातेवाइकांनी निकाल लावून टाकला होता.

"सारावर होती तोवर काय ठणठणीत होती!" चुलतसासूबाई म्हणाल्या. "डबा घेऊन गावभर चालायची. हॉस्पिटलात गेली आणि संपली."

"आणि हानला बघा," एक जाऊ म्हणाली. "एकाच भांड्यातलं प्याली. तिला ताईंच्या साराने वाचवलं आणि ताईंना डॉक्टरने मारलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका सरळ हिशोब, न पटायला काय झालं? वाय-हानने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. ती सांगू लागली, यकृताचं, मुळीचं, दोन वर्षांचं. चुलतसासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दुःखाने बोलतेस, बाळ. खा थोडं." आणि मेलेल्या नणंदेबद्दल वाईट बोलू नये म्हणून विषय बदलण्यात आला.

वाय-हान उठून हात धुवायला गेली. मागोमाग एका चुलतदिराची बायको आली. पुई-शान तिचं नाव. चाळिशीची, कधी फारसं न बोलणारी. तिने आधी दरवाजाकडे पाहिलं.

"वहिनी, ताईंच्या त्या साराची कृती तुम्हाला ठाऊक असेल ना? सगळी म्हणतात, लागू पडतं म्हणून. माझ्यासाठी नाही हं. एक मैत्रीण आहे."

वाय-हानने नळ बंद केला.

"मैत्रिणीला कोणत्या बाजूला आहे?"

पुई-शानचा हात आपसूक डाव्या काखेकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिचे डोळे भरून आले.

"चल," वाय-हान म्हणाली.

"आत्ता? वहिनी, अजून मासा वाढायचाय. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, फोक वाय-हानला मयताच्या जेवणाचीसुद्धा रीत नाही. म्हणू देत. चल."

वाय-हानने तिचं मनगट घट्ट धरलं, तिला भरल्या टेबलांमधून बाहेर काढलं आणि जाता जाता गाम-शिंगपुढे व्हॅनच्या किल्लीसाठी हात पसरला.